नव्वद अंश बाजूंच्या प्रमाणात वाटले तर काय बिघडतं?

पत्र असं आहे:

"माझी मुलगी नववीत आहे. शाळेत असताना माझं गणित बरं होतं, म्हणून तिचा अभ्यास मीच घेते. परवा तिला एक उदाहरण होतं. काटकोन त्रिकोणात काटकोन करणाऱ्या बाजू ३ आणि ४ सेंटिमीटर, तर बाकीचे दोन कोन किती? तिने सरळ ३० आणि ६० लिहिलं. तिच्या मते काटकोन त्रिकोण दोनच प्रकारचे असतात, कंपासपेटीतल्या दोन गुण्यांसारखे. मी म्हटलं, असं नसतं, उरलेले ९० अंश ३ आणि ४ च्या प्रमाणात वाटायचे. ३८.५७ आणि ५१.४३ आले, बेरीज बरोबर ९०. वहीत त्यावर फुली पडली आणि शेजारी उत्तर लिहून आलं, ३६.८७ आणि ५३.१३. मग आम्ही आकृती काढून कोनमापकाने मोजलं, तर ३७ आणि ५२ आले, म्हणजे बेरीज ८९! आता मुलगी म्हणते, 'आई, तुलाही येत नाही आणि कोनमापकालाही येत नाही.' माझं नेमकं कुठे चुकलं? इतकं जवळ येऊन उत्तर चुकतं कसं? आणि बाजूंवरून कोन काढायचा कसा, हे तिला पटेल असं सांगाल का? – एक आई"

ताई,

कोनमापकाचा निकाल आधी लावू, म्हणजे तो या वादातून मोकळा होईल. ३ आणि ४ सेंटिमीटरचा त्रिकोण वहीच्या कोपऱ्यात मावेल एवढा असतो. पेन्सिलीची रेषाच अर्धा मिलिमीटर जाड असू शकते. ४ सेंटिमीटर लांबीच्या बाजूचं टोक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं, की कोनात पाऊण अंशाच्या आसपास फरक पडतो. कोनमापकाचा मध्य शिरोबिंदूवर नेमका बसला नाही तर आणखी थोडा. तेव्हा ३७ आणि ५२ हे मोजमाप अजिबात वाईट नाही, एवढ्या लहान आकृतीवर त्याहून चांगलं क्वचितच येतं. तोच त्रिकोण बाजू १२ आणि १६ सेंटिमीटर घेऊन काढा. कोन तेच राहतील, पण अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीचा परिणाम चौथ्या हिश्श्यावर येईल. "बाजू चौपट केल्या तर कोन चौपट का नाही झाले?" असं मुलीने विचारलं तर तिचं कौतुक करा. सगळी किल्ली त्याच प्रश्नात आहे आणि आपण तिथे पोचणारच आहोत.

दोन लघुकोनांची बेरीज ९० असते, हे मोजून सिद्ध होत नसतं. मोजाल तर कधी ८९ येईल, कधी ९१. ते दिसतं आयतात. एक आयत काढा आणि समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारा कर्ण ओढा. दोन काटकोन त्रिकोण मिळाले, दोन्ही हुबेहूब सारखे, फक्त एक दुसऱ्याच्या मानाने अर्धा फेरा फिरलेला. आता कर्ण ज्या कोपऱ्यातून निघतो तिथे बघा. आयताचा ९० अंशांचा कोपरा कर्णाने दोन तुकड्यांत फोडला आहे. एक तुकडा आपल्या त्रिकोणाचा लघुकोन. दुसरा तुकडा शेजारच्या त्रिकोणाचा. पण शेजारचा म्हणजे आपलाच फिरवलेला, त्यामुळे तो तुकडा आपल्या त्रिकोणाच्या दुसऱ्या लघुकोनाएवढा. दोन्ही लघुकोन मिळून तो कोपरा पुरता भरला. आणि कुठलाही काटकोन त्रिकोण घेतला तरी तो कुठल्या ना कुठल्या आयताचा अर्धा असतोच, म्हणून ही गोष्ट सगळ्यांना लागू. पुस्तकात ज्यांना कोटिकोन म्हणतात ती हीच जोडी.

(हे सपाट कागदापुरतं हं. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुवापासून शून्य रेखावृत्ताने विषुववृत्तापर्यंत उतरा, तिथून विषुववृत्तावरून ९० अंश पूर्वेला जा आणि त्या रेखावृत्ताने परत ध्रुवावर चढा. तयार झालेल्या त्रिकोणात तिन्ही कोन काटकोन असतात, बेरीज २७०. तुमच्या मुलीसारख्या मुलांना हे एकदा गोल हातात घेऊन बघू द्यावं.)

आता मुलीचे ३० आणि ६०. गुण्यांमुळे असा समज होतो यात नवल नाही. लहानपणापासून जे दोन काटकोन त्रिकोण हातात असतात ते हेच, एक ४५-४५ चा आणि एक ३०-६० चा. पण ते दोन प्रकार नाहीत, अगणित त्रिकोणांमधून सोयीसाठी निवडलेले दोन नमुने आहेत. लघुकोन १ अंशाचा घ्या, दुसरा ८९ चा होतो. १७.२ चा घ्या, दुसरा ७२.८. दोघांची बेरीज ९० झाली की त्रिकोण तयार. मग हेच दोन का निवडले? कारण त्यांच्या बाजू आणि कोन यांचं नातं कुठल्याही कोष्टकाशिवाय कळतं. ४५ चं तर सरळच आहे, दोन बाजू सारख्या म्हणून दोन कोन सारखे. ३० चं थोडं खोलात जाऊन बघू, कारण तुमच्या चुकीचा एक धागा तिथेही गुंतलेला आहे.

काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा मध्यबिंदू घ्या आणि तो काटकोनाच्या शिरोबिंदूला जोडा. ही रेघ नेहमी कर्णाच्या बरोबर निम्मी असते. पुन्हा तोच आयत आठवा. आयताचे दोन्ही कर्ण सारख्या लांबीचे असतात आणि एकमेकांना मध्यभागी छेदतात, आपण काढलेली रेघ म्हणजे दुसऱ्या कर्णाचा अर्धा भाग. म्हणजे कर्णाचा मध्यबिंदू तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्याच अंतरावर असतो. तिथे कंपासचं टोक रोवून वर्तुळ काढलं तर ते तिन्ही शिरोबिंदूंमधून जातं आणि कर्ण त्याचा व्यास होतो. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे प्रमेय थेल्स या प्राचीन ग्रीक गणितीच्या नावाने सांगितलं जातं, ते याच आकृतीचं उलट्या बाजूने दिसणारं रूप.

या रेघेने आपला त्रिकोण दोन समद्विभुज त्रिकोणांत फुटतो. समद्विभुज त्रिकोणात पायथ्याचे कोन सारखे, म्हणून एका लघुकोनाएवढा कोन काटकोनाच्या शिरोबिंदूपाशी इकडून येतो आणि दुसऱ्या लघुकोनाएवढा तिकडून. दोन्ही मिळून तिथला काटकोन भरतो. बेरीज ९० असण्याची ही दुसरी सिद्धता झाली, आणि मला स्वतःला आयतापेक्षा ही जास्त आवडते, कारण हिच्यात काटकोन त्रिकोणाच्या आतच दोन लघुकोनांनी भरताना दिसतो.

आता असं समजा की काटकोनाची लहान बाजू कर्णाच्या बरोबर निम्मी आहे. मग त्या बाजूकडच्या समद्विभुज त्रिकोणाची तिसरी बाजूही कर्णाच्या निम्मी झाली, म्हणजे तो समभुज झाला. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६०. म्हणून मूळ त्रिकोणाचा एक लघुकोन ६० आणि उरलेला ३०. ३०-६० चं सगळं रहस्य एवढंच आहे. लहान बाजू १ असेल तर कर्ण २ आणि मधली बाजू √३, म्हणजे साधारण १.७३२. तुमच्या ३-४-५ त्रिकोणात लहान बाजू ३ आणि कर्णाचा अर्धा २.५. समभुज काही होत नाही, त्यामुळे ३०-६० चा प्रश्नच मिटला. मुलीला एवढ्यावरून स्वतःचं उत्तर तपासता आलं असतं, कोनमापकाला हातही न लावता.

इथे एक सापळा आहे आणि त्यात बरीच मुलं सापडतात. वरचं १ आणि २ हे लहान बाजू आणि कर्ण यांचं नातं आहे. काटकोन करणाऱ्या बाजू १ आणि २ असल्या तर? तुमच्या वाटणीने ९० चे तीन भाग करून ३० आणि ६० येतात, आणि "१ आणि २ म्हणजे ३०-६०" हे अर्धवट लक्षात असलेलं वाक्यही तेच सांगतं. दोन साक्षीदार जुळले, उत्तर मात्र चूक. खरे कोन २६.५७ आणि ६३.४३ आहेत.

तर आता तुमची वाटणी. ती मुळात का सुचते, हे मी समजू शकतो. मोठ्या बाजूसमोर मोठा कोन असतो, लहान बाजूसमोर लहान, बेरीज ९० ठरलेली. मग ज्याच्या समोर जेवढी बाजू तेवढा त्याचा वाटा, असं वाटणं साहजिक आहे. दोन बाजू सारख्या असतील तेव्हा ही वाटणी अगदी बरोबर उत्तर देते, ४५ आणि ४५. ३ आणि ४ या बाजू एकमेकींच्या जवळ आहेत, त्यामुळे त्रिकोण ४५ पासून फार लांब गेलेला नाही आणि तुमचं उत्तर दोनेक अंशांनीच चुकलं. इतकं जवळ येऊन चुकायचं कारण हेच. बाजूंमधला फरक वाढवा म्हणजे वाटणीचं पितळ उघडं पडतं. बाजू ५ आणि १२ असतील तर वाटणीने लहान कोन २६.४७ येतो, खरा आहे २२.६२. बाजू १ आणि १० असतील तर वाटणी म्हणते ८.१८, खरा आहे ५.७१. म्हणजे आता चूक लहान कोनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त झाली.

असं का होतं ते मुलीला हाताने करून बघू द्या. एक मोठा कागद घ्या, आडवी रेघ १० सेंटिमीटरची काढा. तिच्या उजव्या टोकावर लंब उभा करा आणि त्यावर दर सेंटिमीटरला खूण करा, १ पासून १० पर्यंत. डाव्या टोकापासून प्रत्येक खुणेला रेघ जोडा. दहा काटकोन त्रिकोण एकाच पायावर उभे राहिले. आता डाव्या टोकाचा कोन मोजत जा. उंची १ असताना ५.७ अंश, २ ला ११.३, ३ ला १६.७, ४ ला २१.८, ५ ला २६.६, ६ ला ३१.०, ७ ला जवळजवळ ३५, ८ ला ३८.७, ९ ला ४२.० आणि १० ला ४५. कोनमापकावर दशांश दिसणार नाहीत, पण कल नक्की दिसेल. पहिल्या सेंटिमीटरने कोन ५.७ अंशांनी वाढवला, दहाव्याने जेमतेम ३ अंशांनी. लंब तसाच वर नेत राहिलात तर २० सेंटिमीटरला ६३.४ होतात, म्हणजे उंची दुप्पट झाली पण कोन ४५ चा ९० झाला नाही. १०० सेंटिमीटरला ८४.३. ९० कधीच येत नाहीत, कारण ९० यायला डावीकडची रेघ लंबाला समांतर व्हावी लागेल आणि मग त्रिकोणच उरणार नाही.

उंच इमारतीच्या समोर उभं राहून वर बघितलं की असंच होतं. सगळे मजले सारख्याच उंचीचे, पण वरचे वरचे मजले डोळ्याला चपटे चपटे दिसत जातात, कारण ते डोळ्यापासून लांबही जात असतात आणि तिरके तिरकेही होत असतात. कोन म्हणजे डाव्या टोकावर ठेवलेल्या डोळ्याला ती उंची किती दिसते, एवढंच.

या कागदावर आणखी एक गोष्ट करून घ्या, कारण मघाचा "चौपट" वाला प्रश्न इथे सुटतो. उंची ६ च्या खुणेला जोडलेली तिरकी रेघ घ्या आणि पायावर मध्येच, डाव्या टोकापासून ५ सेंटिमीटरवर, एक छोटा लंब उभा करा. तो त्या तिरक्या रेघेला बरोबर ३ सेंटिमीटर उंचीवर भेटतो. छोट्या त्रिकोणाच्या बाजू निम्म्या झाल्या, डाव्या टोकाचा कोन मात्र तोच, कारण तो एकच कोन दोघांमध्ये सामाईक आहे. उंची भागिले पाया हे दोन्हीकडे ०.६. पायावर कुठेही लंब उभा करा, ०.६ च येणार. एक लघुकोन सारखा असला की दोन काटकोन त्रिकोण समरूप होतात, कारण काटकोन सारखा आहेच आणि तिसरा कोन आपोआप जुळतो. म्हणून कोन बाजूंच्या लांबीवर अवलंबून नसतो, बाजूंच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. प्रत्येक गुणोत्तराला एक ठरलेला कोन आहे, आणि उलटही. इथपर्यंत तुमची समज अगदी बरोबर होती. गुणोत्तराने कोन ठरतो. फक्त तो गुणोत्तराच्या प्रमाणात वाढत नाही. गुणोत्तर दुप्पट झालं म्हणून कोन दुप्पट होत नाही.

मग कुठल्या गुणोत्तराला कुठला कोन, हे कळायचं कसं? त्यासाठी कोष्टक लागतं, आणि ते करायचं काम माणसाने फार पूर्वी हातावेगळं केलं आहे. आर्यभटाने आर्यभटीयात दिलेलं 'ज्यां'चं, म्हणजे कोनासमोरच्या बाजूंचं, कोष्टक सुमारे इ.स. ४९९ मधलं. त्याने कर्ण ३४३८ धरला आहे आणि कोन ३ अंश ४५ कलांच्या (म्हणजे ३.७५ अंशांच्या) सारख्या पायऱ्यांनी ९० पर्यंत वाढवला आहे. पायऱ्या २४ होतात. प्रत्येक पायरीला कोनासमोरची बाजू किती वाढते तेवढेच आकडे त्याने दिले आहेत. ते सुरू होतात २२५, २२४, २२२, २१९, २१५ असे, आणि संपतात ५१, ३७, २२, ७ असे. सगळ्यांची बेरीज ३४३८. कोन सारखा सारखा वाढतोय, आणि समोरची बाजू पहिल्या पायरीला २२५ ने वाढते तर शेवटच्या पायरीला फक्त ७ ने! तुमच्या वाटणीला पंधराशे वर्षांपूर्वी मिळालेलं याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

पहिले आठ आकडे मुलीकडून बेरीज करून घ्या: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९. बेरीज १७१९ येते. आठ पायऱ्या म्हणजे ३० अंश, आणि १७१९ म्हणजे ३४३८ चा बरोबर अर्धा. वर समभुज त्रिकोणातून जे निघालं तेच इथे बेरजेतून निघालं.

आता याच कोष्टकावर तुमचं उदाहरण सोडवू. बाजू ३, ४ आणि कर्ण ५ (पायथागोरसने, ९ आणि १६ मिळून २५). लहान कोनासमोरची बाजू ३, म्हणजे ती कर्णाच्या ०.६ पट. कर्ण ३४३८ केला तर ती बाजू २०६२.८ होईल. कोष्टकात पुढचे दोन आकडे १९१ आणि १८३ आहेत. १७१९ मध्ये १९१ मिळवून १९१० होतात, ही नववी पायरी, ३३.७५ अंश. त्यात १८३ मिळवून २०९३, ही दहावी, ३७.५ अंश. आपला २०६२.८ या दोघांच्या मध्ये आहे. १९१० च्या पुढे १५२.८ गेलो आहोत, एकूण १८३ पैकी. आता इथे तुमची वाटणी करा. ३.७५ अंशांचा १८३ पैकी १५२.८ एवढा वाटा म्हणजे ३.१३. ३३.७५ मध्ये ३.१३ मिळवले की ३६.८८. वहीत लिहून आलेलं उत्तर ३६.८७ होतं!

ताई, तुमची चूक नेमकी कुठे झाली ते यावरून दिसेल. प्रमाणात वाटणं हे चुकीचं हत्यार नाही. लहानशा तुकड्यात कोन आणि बाजू जवळजवळ एकाच चालीने चालतात, तिथे ते चांगलं काम करतं. तुम्ही ते ० पासून ९० पर्यंतच्या सगळ्या अंतरावर एकदम चालवलंत. शून्याजवळच्या फार लहान कोनांना तर एक सोपा हिशोब चालतो. समोरची बाजू भागिले लगतची बाजू, गुणिले ५७.३. बाजू १ आणि १० असताना हा हिशोब ५.७३ देतो, खरा कोन ५.७१. मघाशी पेन्सिलीच्या रेघेचा पाऊण अंश मी याच हिशोबाने काढला होता, ०.५ भागिले ४० गुणिले ५७.३. पण ३० अंशांच्या पुढे हा हिशोब तीन अंश आणि त्याहून जास्त चुकायला लागतो, तेव्हा तो तिथे वापरू नका.

कोष्टक न उघडता चांगलं उत्तर हवं असेल तर एक जुनी युक्ती आहे, पंधराव्या शतकातल्या निकोलस ऑफ कुसा या जर्मन विद्वानाच्या नावाशी जोडलेली. लहान बाजूला १७२ ने गुणा. मधल्या बाजूत कर्णाची दुप्पट मिळवा आणि त्याने भागा. जो येईल तो लहान कोन. ३-४-५ साठी १७२ गुणिले ३ म्हणजे ५१६, भागिले ४ अधिक १० म्हणजे १४, उत्तर ३६.८६. ५-१२-१३ साठी ८६० भागिले ३८, म्हणजे २२.६३. लहान कोन ४५ पर्यंतच असतो आणि तेवढ्या टप्प्यात ही युक्ती अंशाच्या दहाव्या भागानेही चुकत नाही. गंमत बघा, तुम्हीसुद्धा लहान बाजूला कशाने तरी गुणून कशाने तरी भागत होता. तुमचा भाजक ३ अधिक ४ होता, हवा होता ४ अधिक दोन वेळा ५. कर्णाला हिशोबात घेतलंच नव्हतं, ही तुमच्या वाटणीतली उणीव. युक्ती का चालते हे नववीला समजावता येणार नाही, पण उत्तर पडताळायला ती फार कामाची आहे. परीक्षेत पद्धत म्हणून मात्र लिहू नये.

वर्गात हेच काम साइन, कोसाइन आणि टॅन करतात. समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन, लगतची भागिले कर्ण म्हणजे कोसाइन, समोरची भागिले लगतची म्हणजे टॅन. व्याख्या पाठ करायला दोन मिनिटं लागतात. गोंधळ होतो तो "समोरची" आणि "लगतची" यांचा, आणि तो आकृती फिरवून दिली की होतो. मुलं समजतात की खालची बाजू म्हणजे लगतची आणि उभी म्हणजे समोरची. तसं काही नसतं. ही नावं कोनाकडून मिळतात. त्रिकोण तोच, पण एका लघुकोनाला जी बाजू समोरची तीच दुसऱ्याला लगतची. कर्ण तेवढा दोघांनाही कर्णच. मुलीला सवय लावा की आधी ज्या कोनाचं बोलतोय तिथे बोट ठेवायचं, बोटाला न शिवणारी बाजू समोरची. मग त्रिकोण उलटा असो की पडलेला. यातूनच एका लघुकोनाचा साइन हा दुसऱ्याचा कोसाइन असतो हे आपोआप कळतं. ३-४-५ मध्ये लहान कोनाचा साइन ०.६ आणि मोठ्याचा कोसाइनही ०.६, कारण दोन्हीकडे ३ भागिले ५ च आहे.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मुलगी विचारेल. ३-४-५ इतके सुबक आकडे, मग कोन ३६.८७ असा ओबडधोबड का? ३७ का नाही? तिन्ही बाजू पूर्णांक असतील अशा कुठल्याही काटकोन त्रिकोणाचे लघुकोन पूर्ण अंशांत येऊच शकत नाहीत. ८-१५-१७ घ्या, २८.०७ आणि ६१.९३ येतात. ७-२४-२५ घ्या, १६.२६ आणि ७३.७४. २०-२१-२९ मध्ये बाजू जवळजवळ सारख्या आहेत तरी ४३.६० आणि ४६.४०. आणि उलट, ३० किंवा ४५ असे सुबक कोन घेतले की बाजूंमध्ये √३ किंवा √२ घुसतात. एकीकडे नीटनेटकं झालं की दुसरीकडे विस्कटतंच. याची सिद्धता शाळेच्या पुढची आहे, पण गोष्ट पक्की आहे. म्हणजे तिन्ही बाजू पूर्णांक आणि उत्तर नेमकं ३० आलं, तर आकडेमोडीत कुठेतरी घोळ आहे हे समजावं.

मुलीने "तुलाही येत नाही" म्हटलं ते फार मनावर घेऊ नका. वाटणीचं उत्तर तिच्या ३०-६० पेक्षा खऱ्या कोनाच्या कितीतरी जवळ होतं, हे तिला आकड्यांनी दाखवता येईल. आणि दहा त्रिकोणांचा तो कागद तिला एकटीला नका करायला लावू, दोघी मिळून करा. एकीने मोजायचं, दुसरीने लिहायचं. एकीच्या हाताची चूक दुसरीच्या नजरेला दिसते.

कॅल्क्युलेटर वापरणार असाल तर, ३ भागिले ४ म्हणजे ०.७५ घ्या आणि शिफ्ट दाबून टॅन दाबा. ३६.८७ दिसायला हवं. ०.६४३५ दिसलं तर घाबरू नका, कोन तोच आहे, यंत्र रेडियन या कोन मोजायच्या दुसऱ्या एककात उत्तर देतंय. मोड बदलून डिग्री करा आणि पुन्हा दाबा. मोठा कोन हवा असेल तर ९० मधून वजा करण्याआधी एकदा ४ भागिले ३ चाही टॅन-इन्व्हर्स (तेच शिफ्ट आणि टॅन) काढून बघा. ५३.१३ यायला हवं. दोन्ही उत्तरांची बेरीज ९० आली नाही तर लहान कोन काढतानाच समोरची आणि लगतची बाजू उलटी घेतली गेली होती.